मागचे शॉकअप बदलायचे आहेत: शंभर सीसीची गाडी, रोज फोंडा ते वेर्णा आणि आठवड्यातून दोनदा आई डबलसीट

कुर्टीचा वाटसरू
९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी शंभर सीसीची, मागे दोन शॉकअपवाली साधी कम्युटर. वय नऊ वर्षं, मीटरवर ६२ हजार. रोज कुर्टीहून बोरी पूल, लोटली करत वेर्ण्याला कामाला जातो. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. इंजिनाबद्दल काही तक्रार नाही.

त्रास मागच्या बाजूचा आहे. एकटा असताना चालून जातं. पण मंगळवारी आणि शुक्रवारी आईला मणक्याच्या व्यायामासाठी बांबोळीला न्यावं लागतं, तेव्हा बाणस्तारीपर्यंतच माझा जीव वरखाली होतो. खड्डा लहान असला तरी मागून ‘धप्प’ असा आवाज येतो, आणि पुढची दोन-तीन सेकंद गाडी होडीसारखी डुलत राहते. आई काही बोलत नाही. माझ्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट होतो, तेवढ्यावरून मला कळतं. डॉक्टरांना विचारलं आहे. दुचाकीवर बसायला हरकत नाही, पण दणके बसू देऊ नका म्हणाले.

गॅरेजवाल्याने गाडी बघितलीही नाही. ‘गॅसचे शॉकअप टाक, मस्त होईल’ म्हणाला. पाऊस महिन्यावर आला आहे, त्याआधी काम उरकायचं आहे. गॅसचे टाकू की कंपनीचे नवे? की जाड स्प्रिंग मिळते? अनुभव असलेल्यांनी सांगा. पैसे लागले तर लागू देत, काम मात्र एकदाच आणि नीट व्हायला हवं.


चाकोरी
९ मे, रात्री १०:०५

गॅसचेच टाक. मी मागच्या वर्षी टाकले, जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुने ठेवून काही उपयोग नाही.


पाना दहा-अकरा
१० मे, सकाळी ७:१५

वाटसरू, घाई करू नका. डिचोलीत माझं बावीस वर्षं स्वतःचं गॅरेज होतं. खाणीच्या ट्रकांनी रस्त्यांची चाळण केली होती त्या काळात दिवसाला दोन-तीन गाड्या याच तक्रारीने यायच्या. त्यातल्या निम्म्या गाड्यांना नवे शॉकअप लागायचेच नाहीत, दुखणं दुसरीकडे असायचं. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी या रविवारी अर्धा तास काढून गाडी तपासा.

आधी टायरची हवा. चिमट्यावर (मागचं चाक दोन्हीकडून धरणाऱ्या लोखंडी दांड्यांवर) किंवा चेनकव्हरवर स्टिकर असेल, नसेल तर मॅन्युअलमध्ये बघा. एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी मागच्या चाकाचे आकडे वेगळे दिलेले असतात आणि दोन्हींत बराच फरक असतो. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा.

मग गाडी सपाटीवर उभी करून मागून सीट दोन्ही हातांनी जोरात खाली दाबा आणि सोडा. मागची बाजू एकदा वर येऊन शांत झाली पाहिजे. दोन-तीन हेलकावे खाल्ले तर आतलं तेल गेलं, किंवा व्हॉल्व्ह झिजले. तुमचं ‘होडीसारखी डुलते’ ऐकून मला हीच शंका आहे. शॉकअपमध्ये दोन वस्तू असतात, त्यांची कामं वेगळी. वजन पेलते ती स्प्रिंग. स्प्रिंग दाबली की ती उसळणार, ती उसळी जिरवतो तो आतला तेलाचा दांडा. तेल बारीक भोकांतून पुढे-मागे होतं, त्याला वेळ लागतो, त्या विरोधात उसळी मरते आणि तेल तापतं. दांडा मेला की स्प्रिंग आपल्या मनाने नाचते. चाक खड्ड्यातून बाहेर आल्यावर रस्त्याला टेकायच्या ऐवजी क्षणभर अधांतरी राहतं. ओल्या रस्त्यावर वळणात ब्रेक दाबताना नेमका तोच क्षण आला तर काय होईल, ते सांगायला नको.

शॉकअपच्या दांड्यावरून बोट फिरवा. तेलाचा ओलावा, किंवा तेलात बसलेल्या धुळीचं काळं कडं दिसलं तर सील गेलं.

शेवटी चिमट्याचे बुश, म्हणजे चिमटा ज्या बोल्टवर वरखाली फिरतो त्याच्याभोवतीची अस्तरं. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे-उजवीकडे ढकला आणि दुसऱ्या माणसाला चिमट्याच्या बोल्टपाशी बोट ठेवायला सांगा. तिथे हालचाल जाणवली तर बुश झिजले. बोल्टपाशी काही नाही आणि फक्त चाक हलतंय, तर बेअरिंग बघा. झिजलेल्या बुशवर कितीही महागाचे शॉकअप लावा, गाडी वळणात मागून शेपूट हलवणारच.

बघा आणि इथे लिहा. मग गॅस की तेल ते बोलू.


मांडवीपल्याड
१० मे, सकाळी ८:३०

काकांना +१. हवेचं अगदी खरं. माझा भाऊ वर्षभर डबलसीटची हवा भरून एकटाच फिरत होता आणि शॉकअपला दोष देत होता.


म्हापशाचा पायलट
१० मे, दुपारी २:२०

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, गोव्यात मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. पिवळी-काळी गाडी. मी एकोणीस वर्षं हा धंदा करतो, म्हणजे दिवसभर माझ्या मागे कोणी ना कोणी बसलेलं असतं. कधी पंचेचाळीस किलोची शाळकरी मुलगी, कधी बॅगेसकट एकशेदहा किलोचा पाहुणा.

वाटसरू, शॉकअपच्या खाली खाचांची रिंग आहे ती कितव्या खाचेवर आहे ते बघ. नवीन गाडी शोरूममधून येते तेव्हा बहुतेक पहिल्या-दुसऱ्या खाचेवर असते आणि लोक दहा-दहा वर्षं तिला हात लावत नाहीत. मी चौथ्यावर ठेवतो. रिकामा परतताना थोडी कडक लागते, पण माझं रिकामं फिरणं कमी. दोन्ही बाजूंना सारखीच खाच ठेव. एक दोनवर आणि एक चारवर अशा गाड्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत.

दुसरी गोष्ट आईसाठी. त्यांना थोडं पुढे, तुझ्या जवळ बसू दे. माणूस मागच्या चाकाच्या मागे जितका सरकतो तितका दणका त्याला जास्त बसतो. फूटरेस्टवर दोन्ही पाय नीट टेकलेले असू देत. साडी असेल आणि एका बाजूला बसत असतील तर त्यांचा कणा पिळवटलेला राहतो, मणक्याच्या माणसाला ते वाईट. माझ्याकडे रोज येणाऱ्या दोन आजी आता सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतात.


कुर्टीचा वाटसरू
११ मे, संध्याकाळी ६:५०

काका, पायलट दादा, मनापासून आभार. आज सगळं तपासलं. बहीण मदतीला होती.

हवा मागे २२ निघाली. स्टिकरवर एकट्यासाठी २८ आहे. म्हणजे आईला घेऊन मी इतके महिने अर्धवट बसलेल्या टायरवर फिरत होतो. ही चूक माझी.

सीट दाबून सोडली तर तीन हेलकावे. डावा दांडा कोरडा आहे, उजव्यावर बोट फिरवलं तर काळं तेल आलं. सायलेन्सरच्या बाजूला असल्यामुळे तो कधी दिसतच नव्हता, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावरही तेलाचे थेंब वाळलेले होते. चिमट्याच्या बोल्टपाशी बहिणीने बोट ठेवलं, ती म्हणाली किंचित ‘टक्’ लागतंय.

रिंग दोन्हीकडे दुसऱ्या खाचेवर. गंजून घट्ट बसली होती, रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलं तेव्हा सकाळी सी-आकाराच्या पान्याने फिरली.


पाना दहा-अकरा
११ मे, रात्री ८:४५

शाबास. तुमचं निदान झालं. उजवा दांडा मेलेला, डावा त्याच्यासोबत नऊ वर्षं थकलेला, आणि बुश. एकच शॉकअप बदलू नका. एक जिवंत आणि एक म्हातारा अशी जोडी चिमट्याला पीळ देते.

आता गाडी किती बसते ते मोजा. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी करा. चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर सीटखालच्या फ्रेमवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर, कोणी न बसता. मग तुम्ही बसून, पाय फूटरेस्टवर, कोणीतरी गाडी सरळ धरलेली. मग आई मागे बसून. पहिल्या आकड्यातून बाकीचे वजा करा. तुमच्यासारख्या गाडीला मागच्या चाकाचा प्रवास साधारण ८० मिलिमीटर धरा. एकटे बसल्यावर त्याचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे २० ते २७ मिलिमीटर, खर्च झाला तर ठीक.


कुर्टीचा वाटसरू
१२ मे, रात्री ९:१०

मोजलं काका. दुसऱ्या खाचेवर अधांतरी ५१०, नुसती गाडी ४९८, मी (६८ किलो) बसून ४७८, आई (५८ किलो) मागे बसल्यावर ४५६.

म्हणजे आई बसली की ५४ मिलिमीटर बसकण आधीच झालेली. उरले जेमतेम २६. धप्प आवाजाचा अर्थ आता कळला.

मग चौथ्या खाचेवर घेऊन पुन्हा मोजलं. आईसकट ४६५. नऊ मिलिमीटर परत मिळाले. पण मी एकटा बसलो की गाडी दणके देते. पाचवी खाच करून बघू का?


पाना दहा-अकरा
१२ मे, रात्री १०:००

पाचवी करता येईल, पण आधी एक समजून घ्या, याबाबतीत मेकॅनिक मंडळींचाही गोंधळ असतो. रिंग फिरवली की स्प्रिंग ‘कडक’ होत नाही. स्प्रिंग तीच आहे. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडी उंच उभी राहते आणि खालच्या खड्ड्यासाठी जागा उरते. एक मिलिमीटर दाबायला लागणारं वजन पहिल्या खाचेवर असतं तेवढंच पाचव्या खाचेवर असतं.

तुमच्याच आकड्यांवरून बघा. आईचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं. ५८ किलोने गाडी २२ मिलिमीटर बसली, म्हणजे दोन्ही स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला साधारण २.६ किलो. रिंग कुठेही ठेवा, आई बसल्यावर तेवढेच २२ मिलिमीटर खाली जाणार, फक्त कुठून खाली जाणार ते बदलेल. एकटं असताना चौथी खाच दणका का देते? कारण गाडी नऊ मिलिमीटर उंच उभी राहते. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला तेवढी जागा कमी पडते, ते खड्ड्यावरून उडी मारतं आणि पलीकडच्या काठावर आपटतं.

म्हणून आई बसायची त्या दिवशी चार किंवा पाच, बाकी दिवशी दोन. पाना सीटखाली असतोच, दोन मिनिटांचं काम. रात्री एक पडताळा घ्या. मागची बाजू बसली की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरचे लोक डिपर मारतात. खाच बरोबर असेल तर मारत नाहीत.


चाकोरी
१३ मे, सकाळी ९:२०

मी अजूनही म्हणेन गॅसचे टाकावेत. माझ्या मित्राने पल्सरचे जुने गॅस शॉकअप आणून आपल्या शंभर सीसीला लावले, तो खूष आहे.


पाना दहा-अकरा
१३ मे, दुपारी १:३०

चाकोरी, गॅस वाईट नाही. त्याचं काम काय ते सांगतो. तेल खूप वेळ आणि जोरात हललं की त्यात हवेचे बुडबुडे होऊन फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. नायट्रोजन दाबाखाली भरला की फेस होत नाही. चोर्ला घाटात डबलसीट आणि सामान घेऊन तासभर खड्ड्यांतून जाताना हा फरक स्पष्ट जाणवतो. बजाजने पल्सरच्या मोठ्या मॉडेलांना नायट्रॉक्स नावाने नळकांडीवाले शॉकअप दिले ते याचसाठी. फोंडा-वेर्णा एका तासाच्या आतल्या प्रवासात चांगले तेलाचे शॉकअप पुरे होतात.

दुसऱ्या गाडीचे लावण्याबद्दल मात्र मी कडक बोलणार. वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतची लांबी तुमच्या जुन्या शॉकअपइतकीच हवी. नवा शॉकअप लांब आला तर मागची बाजू उचलली जाते, पुढचा काटा उभा होतो आणि हँडल नको तितकं चपळ होतं. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, मेन स्टँडवर चाक जमिनीला टेकतं, चेनचा ताण बदलतो. आखूड आला तर खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो आणि गतिरोधकावर सायलेन्सर. शिवाय छिद्राचा व्यास, आतल्या नळीची रुंदी, स्प्रिंग चेनकव्हरला लागते का, आणि स्प्रिंग मुळात किती वजनाच्या गाडीसाठी बनवली आहे, हे सगळं जुळावं लागतं. स्प्लेंडर ११२ किलोची गाडी, पल्सर तिच्याहून बरीच जड. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीवर एकट्या माणसाला लाकडासारखी लागते. तुमचा मित्र वजनदार असेल, किंवा त्याच्या मागे कायम कोणी बसत असेल, तर तो खूष असणं शक्य आहे.

आणखी एक. बाजारात काही शॉकअपना बाहेर नळकांडी दिसते, पण आत गॅसही नसतो आणि तेलही. ती फक्त वेल्डिंगने चिकटवलेली असते. खरा गॅसवाला दांडा हाताने दाबून सोडला की आपोआप बाहेर येतो. आणि गॅसचा शॉकअप घरी उघडायला जाऊ नका, आत दाब असतो.


चाकोरी
१३ मे, दुपारी ३:१५

मित्र खरंच नव्वद किलोचा आहे. मान्य. माझ्या शॉकअपची लांबी आज मोजतो.


केरीची वाट
१३ मे, रात्री ८:००

एक वेगळा विचार. मागे मोनोशॉक, म्हणजे दोनऐवजी मधोमध एकच शॉकअप, करून घेतलं तर? आमच्याकडे एक वेल्डर चिमटा बदलून करून देतो म्हणतो.


मांडवीपल्याड
१३ मे, रात्री ८:४०

कृपया करू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. जुन्याच्या जागी त्याच मापाचा नवा शॉकअप घालणं ही दुरुस्ती झाली. फ्रेम कापून मोनोशॉक बसवणं वेगळं. मोनोशॉकचा सगळा भार फ्रेमच्या मध्यावर येतो, दोन शॉकअपवाल्या फ्रेमला तिथे ताकद दिलेलीच नसते. मोनोशॉक हवाच असेल तर तशी बनवलेली गाडी घ्या. होंडा युनिकॉर्न २००४ पासून त्याच रचनेची आहे.


केरीची वाट
१३ मे, रात्री ९:०५

समजलं. विषय सोडला.


खारी हवा
१४ मे, सकाळी ७:५०

मी वास्कोला समुद्राच्या अगदी जवळ राहतो. किनाऱ्यालगतच्या सगळ्यांसाठी एक गोष्ट, वाटसरूंच्या गंजलेल्या रिंगेवरून आठवली. आमच्याकडे सील झिजून फाटण्याआधी दांड्याचा क्रोम जातो. खाऱ्या हवेने क्रोमवर सुईच्या टोकाएवढे ठिपके पडतात, बोटाला जाणवण्याआधी नखाला लागतात. प्रत्येक खड्ड्यात तो खरखरीत दांडा सीलच्या ओठांतून वरखाली होतो आणि वर्षभरात सील कापून टाकतो. नुसतं सील बदलून काही होत नाही, नवं सीलही तसंच कापलं जातं.

मी पावसाळ्यात दर रविवारी दांडा गोड्या पाण्याने धुऊन सुक्या फडक्याने पुसतो. ग्रीस लावत नाही, त्यात वाळू चिकटते. दाबाच्या पाण्याची नळी सीलवर धरत नाही. मागच्या जोडीला सहा वर्षं झाली, अजून कोरडी आहे.


ताळगावची ताई
१४ मे, दुपारी १२:१०

स्कूटरला हेच लागू होतं का? माझ्याकडे ॲक्टिव्हा सहा-जी आहे, मागे मुलगा बसतो.


पाना दहा-अकरा
१४ मे, दुपारी १:००

हो ताई. तुमच्या गाडीला मागे एकच शॉकअप आहे, डाव्या बाजूला, आणि त्याला तीन खाचा आहेत. मोजायची पद्धत तीच. फक्त स्कूटरमध्ये इंजिनच चिमट्याचं काम करतं, त्यामुळे बुश म्हणजे इंजिन जिथे फ्रेमला टांगलं आहे तिथले रबर. ते तपासायला गॅरेजमध्ये सांगा.


कुर्टीचा वाटसरू
१८ मे, रात्री ८:३०

काम झालं. दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटी कंपनीचीच नवी जोडी घेतली, तेलाची, पाच खाचांची. जोडी दोन हजारांच्या आसपास पडली. चिमट्याचे बुश आणि त्यांची नळी वेगळी. दुकानात जुना शॉकअप सोबत नेला होता, पोत्यावर दोन्ही शेजारी ठेवून छिद्र ते छिद्र मापलं, तेव्हाच पैसे दिले.

बुशचं काम गॅरेजमध्ये माझ्यासमोर करून घेतलं, कारण जुने बुश दाबयंत्राने काढावे लागतात. जुनी नळी हातात घेतली तर एका बाजूने अंगठ्याच्या नखाएवढी झीज दिसली, तेवढी जागा आरशासारखी चकचकीत झालेली. चिमट्याचा बोल्ट नऊ वर्षांत एकदाही निघाला नव्हता, त्यावर ग्रीसचा अंशही नव्हता, लालसर भुकटी होती.

शॉकअप मात्र घरी, अंगणात बसवले. काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागच्या टायरखाली फळी सरकवली, जेणेकरून शॉकअप सुटल्यावर चाक खाली पडू नये. एका वेळी एकच बाजू सोडली. डावी बाजू वीस मिनिटांत झाली. उजवीकडे सायलेन्सरचा मागचा बोल्ट सोडून तो दोन बोटं खाली करावा लागला, नाहीतर खालचा नट निघत नव्हता. रबरी बुशला ग्रीस लावलं नाही, साबणाचं पाणी लावलं, तेवढ्यावर नळी अलगद आत गेली. नट आधी हाताने बसवले. दोन्ही शॉकअप जागेवर आल्यावर गाडी चाकांवर उतरवली, मी सीटवर बसलो आणि बहिणीने पाना घेऊन नट पूर्ण आवळले. अधांतरी असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं, असं काका म्हणाले.

जुना उजवा दांडा हाताने दाबला तर सायकलच्या पंपासारखा आत गेला आणि तिथेच राहिला. नव्याला दाबायला छाती टेकवावी लागली.

नंतर चेनचा ताण तपासला, थोडा सैल करावा लागला. आज पुन्हा मोजलं. दुसऱ्या खाचेवर मी एकटा, २६ मिलिमीटर. चौथ्यावर आईसकट ४०. म्हणजे आता आई बसली तरी चाळीस हातात आहेत. शुक्रवारी तिला घेऊन गेलो. बाणस्तारीच्या पुढे तिने पहिल्यांदा बोलायला सुरुवात केली, शेजारच्यांच्या आंब्याबद्दल. खांद्यावरचा हात सैल होता.


म्हापशाचा पायलट
१८ मे, रात्री ९:००

वाचून बरं वाटलं. पहिले पाचशे किलोमीटर झाल्यावर चारही नट परत तपास. नवीन रबर थोडं बसतं आणि नट सैल होतात. मी एकदा विसरलो होतो आणि डोम नट बाणावलीच्या रस्त्यावर गळून पडला, प्रवासी मागे असताना.


पाना दहा-अकरा
१८ मे, रात्री ९:२५

उत्तम काम. २६ हा आकडा मी माझ्या हाताने केला असता तरी यापेक्षा चांगला आला नसता. चिमट्याच्या बोल्टला दर पावसाळ्यानंतर ग्रीस. बाकी काही नको.


कुर्टीचा वाटसरू
१७ ऑगस्ट, रात्री १०:१५

तीन महिन्यांनी लिहितो. मध्ये अर्ध्याहून जास्त पावसाळा गेला. बोरीच्या उतरणीवर जुलैत जे खड्डे पडले ते रोज जाणाऱ्यांना माहीत आहेत. पाणी भरलं की खोली कळत नाही, एकदा तर मी अख्खं चाक घातलं. आवाज आला, पण हेलकावा एकच. गाडी सरळ राहिली. मागून येणारा टेम्पो इतका जवळ होता की गाडी आधीसारखी तीन वेळा डुलली असती तर काय झालं असतं याचा विचार मी घरी येऊन केला.

पायलट दादांनी सांगितल्याप्रमाणे पाचशेनंतर नट तपासले, उजवीकडचा खालचा पाव फेरा आवळला गेला. खारी हवा यांचं ऐकून दर रविवारी दांडे पुसतो. दोन्ही कोरडे आहेत.

चवथीचा बाजार जवळ आला आहे. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान, नारळाचं पोतं आणि पंचवीस किलो तांदूळ एकाच फेरीत आणायचे, दरवर्षीची पद्धत. आई घरी असेल, मागे फक्त सामान. पोत्याचं वजन सीटच्या अगदी शेवटी येतं. चौथी खाच पुरेल की पाचवी करू?


पाना दहा-अकरा
१७ ऑगस्ट, रात्री १०:४०

पाचवी करा, आणि हवा डबलसीटची. पण नारळाचं पोतं मागच्या दांडीवर बांधू नका. ते तुमच्या पाठीला चिकटून सीटवर ठेवा आणि तांदूळ पुढे टाकीला टेकवून मांड्यांच्या मध्ये, हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरतं ना ते बघून. माटोळी दांडीवर, ती हलकी. जमलं तर दोन फेऱ्या करा.


कुर्टीचा वाटसरू
१७ ऑगस्ट, रात्री १०:५०

दोन फेऱ्या करतो काका. घरी आल्यावर खाच परत दोनवर.


चाकोरी
१८ ऑगस्ट, सकाळी ८:०५

वाटसरू, टायरखाली सरकवलेली फळी किती जाडीची होती? माझे शॉकअप मोजले तर १५ मिलिमीटर लांब निघाले. या रविवारी उतरवतोय.


कुर्टीचा वाटसरू
१८ ऑगस्ट, सकाळी ८:२०

एक फळी आणि तिच्यावर दुमडलेलं गोणपाट, मिळून सव्वा इंच. पण जाडी तुझ्या गाडीप्रमाणे ठरव. टायर नुसता टेकला पाहिजे, उचलला जाता कामा नये. शॉकअपचा बोल्ट हाताने सहज फिरून बाहेर आला की समज उंची बरोबर आहे. अडकला तर ठोकू नकोस, गोणपाटाची एक घडी कमी-जास्त कर.